शेवट कपाटात आहे

वाल भिजत घातले होते आणि फोन वाजला. रूथताई नाताळसाठी नगरला पुतणीकडे गेल्या होत्या. जाताना माझ्या दारात उभं राहून सांगून गेल्या, "मी परत आले की लगेच जेवण ठेवू. वाल आधीच भिजव गं सुमन, या दिल्लीच्या थंडीत मोड काही लवकर यायचे नाहीत." फोन पुतणीचा होता. म्हणाली, "आत्या गेली. सकाळी उठलीच नाही." मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं...! फोनवर मला आधीच बोलायला सुचत नाही, त्यात हे. रिसीव्हर ठेवला. मग स्वयंपाकघरात गेले, वालांचं पाणी बदललं, फडक्यात घट्ट बांधून ठेवले. कुणासाठी, ते स्वतःला विचारलं नाही. रूथताईंना तिकडेच, त्यांच्या आईशेजारी माती दिली. मला जाणं झालं नाही. इथे दिल्लीच्या द्वारकेत त्यांचं बंद घर, खाली वाचनालयाची खोली आणि त्या खोलीची माझ्याकडे असलेली किल्ली, एवढंच राहिलं.

मी खानापूर तालुक्यातली. सातवी झाली आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. नवरा गलाईच्या कामाला, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली मुलं मिसरूड फुटायच्या आधीच या कामासाठी देशभर पांगतात, तसा तो करोलबागेत आला आणि लग्नानंतर मी. तिथे जागा परवडेना म्हणून द्वारकेत भाड्याने घर घेतलं. तेव्हाची द्वारका म्हणजे उंच उंच इमारती, निम्म्या घरांना कुलपं, पाण्याचे टँकर आणि मोकळ्या माळावर मेट्रोसाठी उभे केलेले खांब. त्या खांबांवरून कधी काही जाईल असं वाटायचंच नाही. नवरा सकाळी गेला की मी आतून कडी घालून बसायची. हिंदी यायची नाही, आणि दोन शब्द आले तरी बोलायची भीती. एकदा भाजीवाल्यापुढे मी "घेवडा, घेवडा" करत बोट दाखवत होते, तो भलतंच उचलत होता, तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "अगं, सेम म्हण त्याला. आणि असं बोट दाखवू नकोस, लगेच भाव वाढवतो तो." वळून पाहिलं तर आखूड कापलेले पांढरे केस, फिकट साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मला तिथेच रडू फुटलं. रूथताई भाजीवाल्याला म्हणाल्या, "देखा? तेरा भाव सुनकर रो पड़ी बेचारी।"

त्यांनी सारी नोकरी सरकारी कार्यालयात लघुलेखिका म्हणून केली. लग्न केलं नाही. दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं राहिल्या आणि निवृत्त झाल्यावर पुस्तकांच्या ट्रंका घेऊन आमच्या सोसायटीत आल्या. तिकडे नगरचं माहेरचं घर भावाने विकून टाकलं होतं. "मी सुट्टीत गेले तर दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी," एवढंच एकदा बोलल्या होत्या, पुन्हा कधी नाही. सोसायटीने त्यांना वाचनालयासाठी सायकली ठेवायची खोली दिली, पण कपाटं, पंखा, पुस्तकं यांचा खर्च तुमचा तुम्ही बघा म्हणून कमिटीने हात वर केले. त्यातून त्यांनी 'पुस्तकाचं जेवण' काढलं. थंडीच्या दिवसांत अंगणात मांडव घालायचा, एक पुस्तक निवडायचं, त्यातली माणसं जे खातात तेच रांधायचं आणि शेजाऱ्यांनी कुपन घेऊन जेवायला यायचं. पदार्थ वाढण्याआधी रूथताई ते पान वाचायच्या, मराठी पुस्तक असलं तर तिथल्या तिथे हिंदी करून. रांधायचं काम माझं. "मला कसं जमेल?" म्हटलं तर म्हणाल्या, "घरी जमतं ना? तेच, फक्त पातेलं मोठं."

पहिलं पुस्तक रेल्वे फाटकावर राहणाऱ्या एका कुटुंबाचं होतं. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं. वरच्या मजल्यावरचे ग्रोवर साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, वाटी तोंडाला लावून म्हणाले, "भई, ये सूप कौन से होटल का है?" रूथताई म्हणाल्या, "रेलवे का।" सगळे हसले आणि माझ्या जिवात जीव आला. पण त्या जेवणांचा एक नियम होता. शेवटचं प्रकरण वाचायचं नाही. गोड वाढून होई आणि रूथताई पुस्तक मिटत. ग्रोवर साहेब कळवळायचे, "रूथ जी, लड़के का क्या हुआ, बता तो दो! हलवा गले से नहीं उतर रहा।" त्या शांतपणे म्हणायच्या, "वो अलमारी में है, साहब। सुबह लाइब्रेरी खुलेगी।" आम्हा मराठी बायकांना तेच मराठीत, "शेवट कपाटात आहे." दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारात खरंच माणसं उभी असायची.

मी नसायची. मला अक्षरं येत होती, पण पानभर वाचलं की दम लागायचा आणि वाटायचं, आता कुणीतरी उभं करून विचारणार, काय समजलं सांग. म्हणून माझ्यासाठी शेवट चालत घरी यायचा. सकाळी मी मागच्या बाल्कनीत मोठी पातेली घासायला बसायची, रूथताई चहाचा कप घेऊन वेताच्या मुढ्यावर बसायच्या आणि राहिलेली गोष्ट सांगायच्या. त्या पहिल्या गोष्टीत फाटकवाल्याचा मुलगा गाडीखाली गेला. मला दोन दिवस घास उतरला नाही. नवरा वर जाऊन त्यांना सांगून आला, "ताई, हिला असलं काही सांगत जाऊ नका हो. आधीच घाबरट आहे, त्यात दिवसभर घरात एकटी." त्यानंतर मात्र पुस्तकं बदलली. सुईण होती तिला म्हातारपणी तिच्या हातून जन्मलेल्या पोरांनी घर बांधून दिलं. हरवलेला भाऊ बाजारात सापडला. मला वाटायचं, पुस्तकं लिहिणारी माणसं किती दयाळू असतात...!

एक पुस्तक मला सगळ्यांत जवळचं. लांब लग्न होऊन गेलेल्या बाईचं. दरवर्षी ती माहेरी जायला ट्रंक भरते, दरवर्षी काही ना काही आडवं येतं. त्या वर्षी माझंही तसंच झालं होतं, आई अंथरुणाला खिळलेली आणि नवऱ्याला रजा मिळेना. घासणी हातात धरून मी विचारलं, "पोचली का हो ती?" रूथताईंनी कप खाली ठेवला. "पोचली तर. दार वाजवलं. आई वाल सोलत होती, तशीच उठली, ओल्या हातांनी कडी काढली, म्हणाली, आलीस? बस, सोलू लाग." मी डोळे पुसले आणि पुढचं पातेलं ओढलं. नवऱ्याला मी त्या संध्याकाळी धीर करून सांगितलं, पुन्हा एकदा रजा मागा. त्याने मागितली, मिळाली. आई मला भेटली. नंतर पाडव्याच्या आधी गेली, पण भेटली...

रूथताई सारख्या मागे लागायच्या. "एकदा स्वतः वाच की गं."

"तुम्ही सांगता की."

"मी सांगते ते मी सांगते. तू वाच आणि मग माझ्याशी भांडायला ये."

"मी कशाला भांडू तुमच्याशी?"

"ये तर खरी. मी वाट बघतेय."

या वर्षी त्यांनी लोकांच्या आग्रहाखातर तेच पुस्तक पुन्हा काढलं होतं, म्हणून वाल. भिजवलेल्यांना मोड आले, त्यांची उसळ केली, वॉचमनला दिली. पुढे काही आठवड्यांनी ग्रोवर साहेब दारात आले. "बेटी, रूथ जी का डिनर तो होगा। पन्ने मैं पढ़ लूँगा, हिंदी में कोई लिख देगा। तुम बस खाना देख लो।" मी हो म्हटलं, आणि पुस्तकातल्या वालाच्या उसळीत गूळ घातलाय की नाही ते आठवेना. विचारायचं कुणाला? किल्ली घेऊन खाली गेले. पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचत बसले. वाल सापडले. ते सुरुवातीलाच होते, ती बाई लहान असताना आई आणि ती ओसरीवर सोलत बसतात तिथे. गूळ होता. मग पुस्तक मिटावंसं वाटेना. रोज दुपारी जाऊन थोडं थोडं वाचलं. दम लागला, थांबले, पुन्हा वाचलं. शेवटच्या प्रकरणात ती पोचते. दाराला कुलूप असतं. शेजारीण सांगते, तुझ्या आईला जाऊन एक पावसाळा उलटला, कुणाला तुझा पत्ता ठाऊक नव्हता. ती पायरीवर ट्रंक ठेवते आणि पुस्तक संपतं.

मी पान उलटून पाहिलं, पुढे काही चिकटलंय का. मग सुईणीचं पुस्तक काढलं. तिला कुणी घर बांधून दिलं नव्हतं. भाऊही बाजारात सापडला नव्हता. पुस्तकं परत कपाटात लावताना कळलं. सगळे खरे शेवट रूथताई एकट्या वाचत बसायच्या, त्यांच्या त्या घरात, जिथे दार वाजवायला माझ्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. कुलूप त्यांनी आपल्याजवळ ठेवलं आणि सकाळी चहाबरोबर मला उघडं दार आणून दिलं. त्या दारातून मी आईला भेटून आले.

जेवण झालं. ग्रोवर साहेबांनी वाचलं नीट. उसळ वाढली, गोड वाढलं, पुस्तक मिटलं. या पुस्तकाच्या आधीच्या जेवणाला ते नव्हते, म्हणून शेवट विचारायच्या सवयीने ते माझ्याकडे वळले, "तुम्हें तो पता होगा बेटी। पहुँची वो?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अलमारी में है, साहब।" इतक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच बोलले.

सकाळी बाल्कनीत पातेली मांडली. आत जाऊन एकच चहा केला, मुढा नेहमीच्या जागी ओढला आणि कप त्याच्याशेजारी ठेवला. भांडायचं काय काय ते मी मनात कितीदा घोकून ठेवलं होतं. घासणी हातात घेतली, मुढ्याकडे बघितलं. "कुलूप होतं की हो, रूथताई," एवढंच म्हणाले. पुढचं भांडण आठवेना. चहावर साय धरेपर्यंत मी तेच एक पातेलं घासत राहिले.