फरक नाही

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. तिचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

उरवड्याच्या एका कारखान्यात, रंगाच्या वाफांनी छाती बिघडते का हे पाहायला रंगाच्या शेडमधल्या आणि पॅकिंगमधल्या बायकांचा दम मोजून दोन्ही गटांची सरासरी ताडून पाहायचं काम मला मिळालं होतं. ती रंगाच्या शेडमधली. फुंकायच्या नळीचं तोंड तिने आधी पदराने पुसलं, मग फुंकलं, खोकली आणि हसत मैत्रिणींना म्हणाली, "जन्मभर चूल फुकली, तवा न्हाई गं कुनी मोजलं!"

रंगाच्या शेडची सरासरी कमी आली. पण बायका मोजक्याच, आणि एकीचा आकडा दुसरीपासून फार लांब. संख्याशास्त्रातली टी-चाचणी एवढंच सांगत होती की, असा फरक योगायोगानेही पडू शकतो; खात्री हवी तर आणखी बायका तपासा. मालकांना एका ओळीत उत्तर हवं होतं आणि मलाही कंटाळा आला होता. 'फरक सिद्ध झाला नाही' असं लिहायच्या जागी मी लिहिलं, 'फरक नाही'.

पुढे ती पिरंगुटच्या स्टॉपवर भेटली. बोलताना मधेच थांबून श्वास घेत होती.

"काका, लई बरं झालं. काम सोडणार व्हते मी. सायेब म्हनले, तुमी फरक न्हाई लिवलंय. मंग ऱ्हायले."

बस यायला वेळ होता. आम्ही तिच्या लेकीच्या दहावीबद्दल बोललो. 'माझं चुकलं, बाई, ते काम सोडा,' एवढं मात्र मला म्हणता आलं नाही.