मागच्या सीटवरच्या काकू

सकाळी दूध आणायला खाली उतरलो की शेजारच्या काकू पार्किंगमध्ये दिसायच्या. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून सगळं वजन टाकायच्या, झटकन हात काढायच्या आणि गाडी कशी वर येते ते बघत राहायच्या. चारही कोपरे झाले की ओढणीला हात पुसून म्हणायच्या, "अजून दमली नाही. पण दमेल."

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी गाडी असेल. जुनी, लांबलचक, जर्मन. शेजारचे काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात मॅनेजर होते. त्यांच्या शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी काकांनी घेतली आणि आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत अशा थाटात आणून उभी केली की वॉचमन रिकाम्या गाडीलाही सलाम ठोकायचा. काकूंना तेव्हा तिचं काडीचं कौतुक नव्हतं. पांढरा हत्ती म्हणायच्या तिला.

पुढे काकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना धक्का सोसेनासा झाला. एकदा रिक्षातून तपासणीला जाताना पुलाखालच्या खड्ड्यात ते असे कळवळले की रिक्षावालाच घाबरला. त्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. एकच ध्यास उरला, एकदा बाजारात जाऊन जुन्या मंडळींबरोबर चहा प्यायचा. आता कळंबोलीचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. अवजड ट्रकांनी त्यांची अशी दशा केलीय की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत.

मग काकूंनी पांढरा हत्ती मनावर घेतला. पावसाळ्याआधी धक्के झेलणारे पुढचे शॉकअप, गणपतीनंतर मागचे, मधल्या काळात सांध्यांतले रबरी बुश, असा सगळा बेत लग्नघरातल्यासारखा ठरला. तुर्भ्याच्या गॅरेजवाल्याला ते काही पटेना. धडधाकट पार्ट काढून फेकणं त्याच्या जिवावर यायचं.

"मॅडम, गाडी मस्त चालतेय. आवाज आला की बघू ना. टेन्शन कशाला?"

"आवाज येईल तेव्हा ह्यांना लागून गेलेलं असेल," काकू म्हणाल्या.

तो जॅक घेऊन कामाला लागला.

पण त्याच्या ट्रायलवरही काकूंचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, स्टिअरिंगवर बसणाऱ्याला काय कळणार, दुखणं तर मागे बसतं. म्हणून काकूंना चालवता येत असूनही रविवारी सकाळी मी ड्रायव्हर आणि त्या मागे, काकांच्या जागी, पाठीशी त्यांचीच उशी घेऊन, डोळे मिटून. सेक्टरमधला एकही स्पीडब्रेकर आम्ही सोडला नाही. मध्येच आवाज यायचा, "डावीकडून लागलं." सोमवारी गाडी पुन्हा गॅरेजात. शेवटी त्यांनी गॅरेजवाल्यालाही उशी देऊन मागे बसवलं. माझी बायको म्हणायची, महाराणीला चांगला सारथी मिळाला. मला मात्र त्या रविवारांचा लळा लागला होता.

गणपती झाले, मागचेही शॉकअप बसले आणि जायचा दिवस उजाडला. एवढा चोख बेत करणाऱ्या काकूंनी निघण्याआधी नाक्यावर हवा भरून घेतली, आणि तिथेच घात झाला. तो टायरवाला दिवसभर ट्रकांत हवा भरणारा. त्याने न विचारता टायर टम्म करून दिले. पहिल्याच स्पीडब्रेकरला काकांनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी जाऊ."

काकूंचा चेहरा उतरला. खाली उतरून त्यांनी टायरवर बुक्की मारली आणि त्यांच्या लक्षात आलं. काकांचा हात धरून म्हणाल्या, "माझं चुकलं. पंपापर्यंत चला हो. हवा कमी करूनही दुखलं तर परत कधी चला म्हणणार नाही."

 काकांनी होकारार्थी मान हलवली. मी पंपापर्यंत गाडी अक्षरशः रांगत नेली. तिथे जास्तीची हवा काढली आणि आम्ही निघालो. कळंबोलीत मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, खड्डे संपत नव्हते. मी आरशातून पाहत होतो. काकांनी हँडल सोडलं होतं. बाजारात गाडीभोवती माणसं जमली, खिडकीतून चहा आत आला आणि काकांनी कुणाला तरी सळ्या वाकड्या रचल्याबद्दल झापलंसुद्धा. काकू तेव्हा दुसरीकडे बघत डोळे पुसत होत्या.

परतीच्या वाटेवर काकांना झोप लागली. सोसायटीचं गेट आलं तशा काकू हळूच म्हणाल्या, "आत घेऊ नकोस. अजून एक फेरी मार."

मी पाम बीचच्या गुळगुळीत रस्त्याला वळलो.

त्यानंतरही मी त्या दोघांना काही वेळा बाजारात नेऊन आणलं. गेल्या थंडीत काका गेले. काकू मुलीकडे नाशिकला राहायला निघाल्या, गाडी घेऊनच. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो, तर त्यांनी किल्ली मागून घेतली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. सामान सगळं डिकीत होतं. मागची सीट त्यांनी मोकळी ठेवली होती.

गेटपाशी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक करत स्पीडब्रेकरवरून तिरकी उतरवली. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काकूंनी अजिबात घाई केली नाही.