हॅलोकाकांची साक्ष

खांबावर चढून दिवसभर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं ओरडणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? सगळा भाग त्यांना हॅलोकाका म्हणायचा. टेलिफोन कंपनीत ते लाइनमन होते, पण त्यांच्या तोंडून ऐकलं तर कंपनी त्यांच्याच जिवावर चालली होती. कुणाचा फोन मुका झाला की काका शिडी घेऊन हजर. तार जोडायची, चहा घ्यायचा, घरातल्या म्हाताऱ्यांची गुडघेदुखी ऐकून घ्यायची आणि निघताना "मी आहे ना!" म्हणायचं. नव्या कंपनीचा फोन घ्यावा म्हणतोय, असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी काका त्याच्या दारात ठाण मांडायचे. तो बिचारा भिडेखातर राहायचा.

नवी कंपनी आल्यापासून जुनीची मात्र पंचाईत झाली होती. जुनी एकटी होती तेव्हा तिने लोकांना लुबाडू नये म्हणून सरकारने तिचे दर ठरवायचं काम दर आयोगाकडे दिलं होतं. ते योग्यच होतं. एकुलता एक दुकानदार काय भाव लावेल याचा नेम नाही. पण आता दुकानं दोन झाली, तरी बेडी एकाच्याच पायात! नव्या कंपनीच्या सकाळी मनात आलं की दुपारी दर खाली. जुनीला दर उतरवायचे असले तरी अर्ज करायचा, सुनावणीची वाट बघायची, आणि परवानगी हातात पडेपर्यंत नवीने आणखी उतरवलेले असायचे. शेवटी कंपनीने आयोगाला साकडं घातलं, की आमच्यावरचं दरांचं बंधन काढा. ते निघालं नाही तर छोटी दुरुस्ती केंद्रं बंद करावी लागतील, असं साहेबांनी सगळ्यांना सांगून टाकलं. त्यात काकांचं केंद्र पहिलं, आणि काकांची रवानगी गोदामात. तिथे दिवसभर वायरच्या भेंडोळ्यांशी गप्पा मारायच्या, आणि चहाला कुणी विचारायचं नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

कंपनीच्या वकीलबाईंना साक्षीसाठी भोळ्या चेहऱ्याचा माणूस हवा होता. त्यांची नजर नेमकी काकांवर पडली.

"एवढंच सांगायचं," त्या म्हणाल्या, "की लोकांना आता दुसरी कंपनी आहे. आमचं आवडलं नाही तर ते आम्हाला सोडून जातात. जो जाऊ शकतो त्याच्यासाठी सरकारने आमचे दर बांधायची गरज नाही. आपली सगळी बाजू काय ती एवढीच."

"सोडून जातात?" काकांना ठसका लागला.

घरी त्यांनी आरशासमोर तालीम सुरू केली. बाजूला काकू यंत्रावर शाळेचे गणवेश शिवत होत्या. शिवणाचा धंदा त्यांचा, आणि गिऱ्हाइकांसाठी घेतलेला फोनही त्यांच्याच नावावर.

"लोक आम्हाला सो... लोक आम्हाला..."

"सोडून जातात," मान वर न करता काकूंनी वाक्य पुरं केलं. "त्यात इतकं काय अवघड आहे?"

"तुला नाही कळायचं! अगं, आपल्याच पोराला चारचौघांत नालायक म्हणायचंय मला."

काकू काहीतरी बोलणार होत्या, एवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला आणि त्या उठून गेल्या. काका पुन्हा आरशाकडे वळले.

सुनावणीच्या दिवशी काका आयोगासमोर इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून उभे होते. नवऱ्याचं कौतुक बघायला काकू मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. काकांनी डोळे मिटले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. वकीलबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग दरांचं बंधन राहावं असं म्हणणाऱ्या ग्राहक मंडळाचे वकील उठले. मोठा गोडबोल्या माणूस.

"काका, तुमच्या कामाची फार तारीफ ऐकली. तुमच्या भागातून किती लोक गेले हो सोडून?"

झालं! काकांची छाती फुगली.

"माझ्या भागातून? एकही नाही! मी असताना कोण जाईल? जाऊन तर दाखवावं!"

"म्हणजे लोकांना जाताच येत नाही," वकील अध्यक्षांकडे बघून म्हणाले आणि समाधानाने खाली बसले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. आपण काय बोलून बसलो ते काकांना आत्ता कळलं, आणि गोदामातली भेंडोळी त्यांच्या डोळ्यांसमोर नाचू लागली.

"मी गेले ना," मागून आवाज आला.

काकू उभ्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना पुढे बोलावलं, शपथ दिली आणि विचारलं, "आपण कोण?"

"यांची बायको. यांच्याच भागात राहते. नव्या कंपनीचा फोन घेऊन बरेच महिने झाले."

"दर कमी होते म्हणून?"

"दरांचं काही नाही हो. फोन खरखरायचा. गिऱ्हाईक माप सांगतंय आणि माझ्या कानात नुसती खरखर! यांना सांगितलं की म्हणायचे, उद्या बघतो. उद्या दुसऱ्या कुणाची तरी तक्रार यायची. मग मोठ्या कचेरीत जाऊन तो फोन बंद करून आले."

"आणि यांना पत्ता नाही?"

"घरात फोन वाजला की हे म्हणतात, बघ गं कुणाचा. स्वतः उचलतील तर कळेल ना!"

"जाताना तुम्हाला कुणी अडवलं नाही?"

"अडवायचं काम यांचं. हे दुसऱ्यांना अडवायला गेले होते."

सगळे खो खो हसले. ग्राहक मंडळाचे वकीलसुद्धा. लाइनमनच्या घरातून ग्राहक जातो आणि लाइनमनला कळतही नाही, तर मग कुणीही जाऊ शकतो, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. आयोगाने बंधन उठवलं. काकांचं केंद्र वाचलं. साहेबांनी काकांची पाठ थोपटली आणि काकूंना वाकून नमस्कार केला.

घरी जाताना काका वाटेतल्या प्रत्येक खांबाकडे बघत होते. आपलं काम शाबूत राहिलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "लाइन नक्की कशी खरखरायची गं? उद्या सकाळी पहिलं तेच बघतो."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "आता फोन चांगला चालतो."