आपांची सही

तेल आणि पाणी यांना गुण्यागोविंदानं नांदायला लावणारं माणूस मी उभ्या महाड तालुक्यात एकच पाहिलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या आपा. आम्ही कोंबड्यांसाठी लस बनवत होतो. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर स्वार होऊन ती शरीरात जायची. तिचा जोर वाढवायला तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण लागायचं, ते आपांच्या हातचं, आणि त्यांच्या सहीशिवाय ते पुढं जात नसे. लस त्यात मिसळताना त्या बाटली नुसती डोलवत. मी एकदा जोरात हलवली, तर म्हणाल्या, "विषाणू आहे तो, सरबत नाही." ही नजर घरीदारी सुटत नसे. पोलादपूरच्या एका लग्नात त्यांनी सोलकढीचा पेला उजेडात धरला आणि आचाऱ्याला शांतपणे सांगितलं, की ही थोड्या वेळात फुटणार. आचारी रागावला. पंगत बसायच्या आत सोलकढी फुटली, आणि तो आपांना शोधत मांडवभर फिरला.

एकदा कोंबड्यांवरच्या चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी मिश्रण तयार झालं. थेंबांचा आकार मोजणाऱ्या यंत्रानं ते पास केलं. आपांना मात्र बाटलीच्या गळ्याशी तेलाची केसाएवढी रेघ दिसली. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना ती दिसेना. चाचणी घेणारे डॉक्टर वरंधचा घाट उतरून येऊन बसले होते, त्यामुळे साहेबांचा आवाज चढला. आपा एवढंच म्हणाल्या, "यंत्राचं बरोबर असेल. माझी सही नाही."

मग त्यांनी स्वतःच कारण शोधलं. तेल-पाणी घुसळणारं यंत्र दोन फेऱ्यांमध्ये गार होऊ द्यावं लागतं. त्या दिवशी घाईत ते राहिलं होतं, आणि घाई आपांचीच होती. त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि सगळं मिश्रण टाकून दिलं. नवं करण्यात दोन दिवस गेले. साहेब त्यांच्याशी बोलले नाहीत. जुन्यातली एक बाटली मात्र फ्रिजमध्ये राहिली होती. तिसऱ्या दिवशी मी पाहिली, तर वर बोटभर तेल तरंगत होतं. मी धावत साहेबांकडे निघालो, तेव्हा आपांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. "चाचणी नीट होतेय ना?" म्हणाल्या. "मग झालं."

आपा निवृत्त होऊन आता आखातात लेकीकडे असतात. शुक्रवारी दुपारी फोन करतात; कशेडीत दरड पडली का, साहेबांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारतात. कामाचं कधी काढत नाहीत. गेल्या खेपेला मीच सांगितलं, की त्यांची जागा अजून रिकामीच आहे. "भरून टाका रे आता," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "यंत्र दोन फेऱ्यांमध्ये गार होऊ देता ना?"