सामानापाशी कोण बसणार? उत्तर डेव्हनचे तीन दिवस

क्रॉयडनपासून कार्डिफपर्यंत पसरलेल्या आणि दर उन्हाळ्यात आईवडिलांना व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेणाऱ्या माझ्या मराठी भावाबहिणींनो, आपल्या सगळ्यांची एक तक्रार सारखीच आहे. आपण रजा टाकतो, हॉटेलं बुक करतो, तासन् तास गाडी चालवून त्यांना इंग्लंड दाखवायला नेतो आणि दारात पोचल्यावर ते म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो इथे सामानापाशी." आपण कॅसल बघून येतो. ते कार पार्क बघतात.

माझी आई या बसण्यात मुरलेली. सगळं आयुष्य अकोल्यात गेलं. गणपतीपुळे, द्वारका, कन्याकुमारी, जिथे जिथे आमचं कुटुंब समुद्रापर्यंत पोचलं तिथे तिथे ती आमच्या चपला, वॉटरबॅगा आणि कोरडे कपडे मांडीवर घेऊन वाळूच्या अलीकडच्या कट्ट्यावर बसली. आता पंचाहत्तरी जवळ आली, तिचे पाय काही समुद्रात भिजले नाहीत. मग गुडघे गेले, वॉकर आला. या खेपेला आल्या आल्या तिने जाहीर केलं की इंग्लंडची ही शेवटची वारी, आता एवढा प्रवास झेपत नाही, यापुढे तुम्हीच या. परतीला थोडे दिवस उरले तेव्हा मी ठरवलं, की ही बाई समुद्रात पाय घातल्याशिवाय विमानात बसणार नाही.

ठरवणं सोपं होतं. राहायचं कुठे हा प्रश्न होता. या देशात दरवर्षी पर्यटनाचे पुरस्कार दिले जातात. सर्वोत्तम हॉटेल, सर्वोत्तम बी अँड बी, सर्वोत्तम पब, सर्वोत्तम टी रूम. आमच्यासारखी माणसं त्या याद्या बघत स्वप्नं रंगवतात. त्यात एक विभाग असतो, चालता न येणाऱ्यांसकट सगळ्यांना सहज राहता येईल अशा जागांचा. इतकी वर्षं मी तो विभाग बोटाने वर सरकवून पुढे जात होते. या वेळी तिथेच थांबले आणि उत्तर डेव्हनमधलं एक फार्म बुक केलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या बँक हॉलिडेला अख्खं मंडळ तिथे उतरेल आणि बाकीच्या जागा तशाच राहतील. तुमची जागा तुम्ही शोधा.

शुक्रवारी सकाळी साउथहॅम्प्टनहून निघालो. मी, नवरा निखिल, इथेच जन्मलेली आमची तेरा वर्षांची ईरा, पुढच्या सीटवर आई, आणि डिकीत आईच्या पिशव्या. चिवडा, दशम्या, थर्मास, छत्री, प्रत्येकाचा जास्तीचा स्वेटर. विंचेस्टरवरून A303 धरला की स्टोनहेंज रस्त्यातच लागतं आणि तिथे ट्रॅफिक हमखास तुंबतं. लोक वैतागतात, आम्हाला ते पावलं. आईने काच खाली करून त्या दगडांकडे निवांत बघितलं आणि म्हणाली, "काहून उभे केले असतील?" कोणालाच माहीत नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं. तिकिटाचे पैसे वाचले ते वेगळेच.

टॉन्टननंतर रस्ते अरुंद होत गेले. डेव्हनमधल्या त्या गल्ल्या म्हणजे हिरवे बोगदे. दोन्ही बाजूंना गाडीहून उंच कुंपणं, त्यांत जांभळी फॉक्सग्लव्हची फुलं काचेला घासून जातात आणि समोरून ट्रॅक्टर आला की अर्धा मैल रिव्हर्स. एक्समूरच्या माळावर धुकं उतरलं होतं. त्यातून मेंढ्या अशा प्रकटत होत्या, की जणू धुक्याच्याच गाठी सुटून चालायला लागल्यात.  गाडीतला रेडिओ आपोआप बंद पडला.

दुपारी वाटेत एका गावात थांबलो. तिथल्या जुन्या इनच्या, म्हणजे सराईच्या, भिंतीवर पुरस्कारांच्या इतक्या पाट्या, की दगड कमी दिसत होता. दाराशी मात्र तीन उंच पायऱ्या, आत आणखी दोन. मालक भला माणूस, धावत आला, हात देऊ केला. आईने पायऱ्यांकडे बघितलं आणि तिचं ते वाक्य आलंच. "तुम्ही जाऊन या. मी बसते गाडीत. सामानही आहे."

माझं डोकं फिरलं. ज्या दाराशी म्हातारं माणूस अडतं त्या दाराला आदरातिथ्याचं बक्षीस देतात तरी कसं? पाच पायऱ्या, आणि आतली फायरप्लेस, फुलांचे पडदे, शतकांचा इतिहास, सगळं तिच्यासाठी नाहीसं. मी रस्त्यातच उभी राहून हे निखिलला ऐकवायला लागले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, समोर श्रोते नाहीत. स्कोन खाऊया." मालकाने मग स्वतः ट्रे गाडीपाशी आणला. चहा, गरम स्कोन म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, स्ट्रॉबेरी जॅम आणि घट्ट क्लॉटेड क्रीम. डेव्हनमध्ये आधी क्रीम, वर जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं, आणि यावरून हे लोक खरोखर भांडतात. आईने दोन्ही बाजूला सारून स्कोन चहात बुडवला. क्रीमची चव बोटाने घेतली आणि म्हणाली, "ही तर साय आहे. साखर घाला अन् खा." या सगळ्या ट्रेला क्रीम टी म्हणतात आणि दोघांत एक पुरतो, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी फार्मवर पोचलो. मालकीण जेन, साठीतली, गमबूट घातलेली, तोंडभर हसणारी. राहायची जागा म्हणजे दगडी गोठा, आतून नवा केलेला. हे आईला सांगितलं तेव्हा तिने बाहेर चरणाऱ्या गाईंकडे बघून विचारलं, "म्हणजे त्या बाहेर अन् आपण गोठ्यात? अन् बक्षीस कोणाला?"

पण दारात ती थबकली. वॉकर पुढे सरकवायचा, मग उचलायचा, अशी तिच्या हातांना सवय. इथे उचलायला काही नव्हतंच. "उंबरठा कुठाय?" तिने विचारलं. अंगणातली फरशी तशीच सपाट आत जात होती. उंबरठ्याशिवाय घर ही गोष्ट तिला पटेना. मी जेनला विचारलं. ती म्हणाली, नवऱ्याची शेवटची काही वर्षं व्हीलचेअरवर गेली. रोज घराच्या उंबरठ्याच्या लाकडावर चाक अडायचं आणि रोज तो माफी मागायचा. एके दिवशी सुतार बोलावून तिने ते काढून टाकलं. नंतर वाटलं, जे त्याच्यासाठी केलं ते इतरांसाठी का नको?

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने खाली वाकता येईना म्हणून वॉकरचा पाय तिथे, उंबरठा असायला हवा होता त्या जागी, हलकेच टेकवला, मग वॉकरवरचा हात कपाळाला लावला आणि आत गेली.

जून महिना. रात्री साडेनऊलाही आकाशात केशरी उजेड रेंगाळत होता. न्हाणीघरात जमीन सपाट, बसायला भिंतीतलं आसन, हाताशी दांड्या. बऱ्याच महिन्यांनी आईने दार लावून एकटीने आंघोळ केली आणि आतून काहीतरी गुणगुणण्याचा आवाज येत राहिला. बाहेर गाई रवंथ करत होत्या. मी पुस्तक उघडून बसले होते, एकही पान उलटलं नाही.

असं ठिकाण शोधताना फोटोंवर जाऊ नका. फोन करा आणि दारात किती पायऱ्या आहेत हे विचारा. उत्तर द्यायला जो थांबतो, त्याने कधी मोजलेल्या नसतात.

शनिवारी किनारा. जेननेच सांगून ठेवलं होतं, की तिथे वाळूवर चालणारी खास व्हीलचेअर मिळते, फुग्यासारखी जाड चाकं असलेली. आधी फोन करून राखून ठेवली तर पैसे पडत नाहीत. ओहोटी होती. मैलभर वाळू ओली होऊन आरशासारखी पसरलेली, आणि लांबची माणसं आकाशावर चालत असल्यासारखी दिसत होती.

आई खुर्चीत बसायला तयार नव्हती. लोक बघतील, साडी भिजेल, पाणी गार असेल. सगळी कारणं संपल्यावर खरं कारण. "अन् सामान?" लाकडी पायवाट संपते तिथे तिने घडीची खुर्ची मांडायला लावली, पिशव्या पायांशी घेतल्या आणि म्हणाली, "जावईबापू, तुम्ही सगळे जाऊन या." मी समजावलं. चिडले. शेवटी माझं भाषण झालं, चांगलं मोठं. आई शांतपणे ऐकून म्हणाली, "झालं? जा आता, पाणी येईल वर."

ईरा म्हणाली, "आजी, इथे कोणी बॅग्ज बघत नाही. सगळे तशाच टाकून जातात." तेवढ्यात शेजारी एक जोडपं आलं. आईहून थोरच असतील. बाईचे केस पांढरेशुभ्र, अंगात काळा स्विमसूट. टॉवेल, पर्स, चष्मे, सँडविचचा डबा, सगळं वाळूवर ठेवून दोघं हातात हात घालून पाण्याकडे चालू लागले. आई बघतच राहिली. "एवढं उघडं टाकून? चोर नाहीत का इथे?"

चोर होता. पांढरा, पिवळ्या चोचीचा. सीगल खाली उतरला आणि सरळ सँडविचच्या डब्याकडे निघाला. आईने छत्री उघडली, मिटली, परत उघडली, आणि अस्सल वऱ्हाडीत त्याला असं काही सुनावलं, की तो दोन पावलं मागे सरला. मग तिने खुर्ची अशी फिरवून घेतली, की दोन्हीकडचं सामान नजरेत राहील. आम्ही तिघं तिथेच उभे. आता तर तिला हलवणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्याच्या सामानाची जबाबदारी होती.

ते जोडपं परत आलं, निथळत, थंडीने लाल होऊन. मी त्यांना घडला प्रकार सांगितला. आई हातात छत्री धरून बसलीच होती. त्यातली म्हातारी खूप हसली. मग विचारलं, "आणि या गेल्या का पाण्यात?" नाही म्हटलं. तिने टॉवेल खांद्यावर घेतला, आमच्या पिशव्यांशेजारी वाळूवर मांडी ठोकली आणि आईकडे हात पसरला. छत्री मागत होती.

"मग आता माझी पाळी," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

मी भाषांतर करण्याआधीच आईला कळलं. तिने छत्री दिली आणि उठली.

जाड चाकं वाळूत रुततच नाहीत. निखिल ढकलत होता, ईरा पुढे पळत होती. आईने एकदाच मागे वळून बघितलं. ती पांढऱ्या केसांची बाई छत्री उंचावून पहारा देत होती. मग आईने मागे बघितलं नाही. उथळ पाण्यात खुर्ची थांबवली, तिने पाय खाली सोडले, माझा हात धरून उभी राहिली. लाट आली, घोट्यांवरून गेली आणि परतताना तळव्यांखालची वाळू ओढून घेऊ लागली. आईने माझं मनगट घट्ट पकडलं.

"अगं, खालून जमीन चालली."

"असंच होतं, आई."

"तुला माहीत होतं?"

"हो. लहानपणापासून."

पुढची लाट येऊन गेली. ती पायांकडे बघत होती. "मग सांगितलं नाहीस कधी," ती म्हणाली.

 आम्ही पाणी गुडघ्यांना लागेपर्यंत तिथे उभ्या होतो.

रविवारी परत. सबंध रस्ता आई झोपली होती, स्टोनहेंजलाही उठली नाही. आता ती अकोल्यात आहे. तिकडे तिचा वेगळा वॉकर आहे; इथल्यासाठी घेतलेला इथेच राहिला, त्याच्या रबरी टोप्यांतून अजून वाळू गळते आणि मी ती झाडत नाही. परवा फोनवर म्हणाली, कॉलनीतली मंडळी गणपतीपुळ्याला निघालीत, नाव दिलंय. "तिकडचं पाणी कोमट असतं म्हणतात," ती म्हणाली. "बघून येते. अन् सांगून टाकलंय, यावेळी मी कोणाचं काही धरून बसणार नाही."

म्हणून भावाबहिणींनो, एकच मागणं. पुढच्या सहलीत ते वाक्य ऐकू आलं की समजावू नका, वाद घालू नका, भाषण तर नकोच. पिशव्या त्यांच्या हातातून घ्या आणि सामानापाशी तुम्ही बसा.