दुसरा गिअर आणि एक सोपी कबुली

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता धूसर झाल्या. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे, आणि ती सांगायची तर आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

आमच्या घरात चौथीपुढं कोणी गेलेलं नव्हतं. वडील कुंडलजवळच्या गुऱ्हाळांवर चुलवाणाला जाळ घालायचे. गुऱ्हाळं बंद झाली की आमच्याच घरची चूल पेटायची मारामार. मी सांगलीत राहून बी.ए. झालो. घराण्यातला पहिला, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. फौजदारकीला निवड झाली तेव्हा चारित्र्य पडताळणीसाठी एक जमादार गावात आले. दारात पोलीस बघून वडील मागच्या दारानं जे निघाले, ते उसात जाऊन बसले. जमादारांनी शेजाऱ्यांकडं चौकशी केली, कागदावर 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहिलं आणि गेले. एवढीच ओळ. तिच्यावर माझी अख्खी नोकरी उभी राहिली.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मी कराडच्या पश्चिमेला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत पवनचक्क्यांचं पठार, आणि त्यावरून उतरणारा वळणाचा घाट. एका दुपारी ठाणे अंमलदारानं निरोप दिला, घाटातल्या वळणावर एक जीप चहाच्या टपरीत घुसली आहे. आम्ही पोचलो तेव्हा टपरीवाल्या मावशींना दवाखान्यात हलवलं होतं. पाय मोडला होता. जीप मोठ्या टायरांची, नेहमीपेक्षा उंच उचललेली. मागं खुर्च्या, जनरेटर, पाण्याचे कॅन. ब्रेकचे काळे पट्टे रस्त्यावर अगदी वळणाजवळच उमटलेले. पंचनामा करताना आमच्या हवालदारांनी आत डोकावून गिअरची दांडी हलवली.

"साहेब, न्यूट्रल. दुसरं काय असणार?"

त्या घाटात निम्मे लोक न्यूट्रल करून उतरतात. डिझेल वाचतं, अशी समजूत. आम्हीही तेच लिहिलं.

संध्याकाळी गाडीचा मालक स्वतःच चालकाला घेऊन हजर झाला. मालक मोठा बागायतदार, आमच्याच हद्दीतला. सगळे त्याला दादा म्हणायचे. मित्रांबरोबर पठारावर गाडीचे रील काढायला गेला होता, आणि सामान घेऊन चालकाला पुढं धाडलं होतं. चालक विशीतला. सैन्यभरतीत नाव लागलेलं, बोलावणं यायचं बाकी. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "चूक झाली साहेब. उताराला न्यूट्रल केली. डिझेल वाचवाय."

दादा म्हणाला, "पोरगं हाय साहेब, जरा संभाळून घ्या. मी कधी त्याला डिझेलचं विचारत बी न्हाई."

जबाब झाला, गुन्हा दाखल झाला. अशी सोपी केस ठाण्याला सणासारखी वाटते. पण घरी जाताना माझ्या मनात एक कुसळ राहिलं. डिझेल मालकाचं, मालक कधी विचारत नाही, मग हा पोरगा ते वाचवत होता कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मावशींचा जबाब घ्यायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये, पण तोंड खणखणीत.

"आवं साहेब, न्यूट्रलची गाडी मला काय नवी हाय व्हय? ती वरनंच गप येती, सापावानी. ही गाडी कण्हत येत हुती. वळणाच्या वर आली आन एकदम आवाज मेला. मग हॉर्न, मग ब्रेक, मग मी आन माझा स्टोव्ह दोघंबी खाली."

"मावशी, पाय त्यानं मोडलाय तुमचा. तरी त्याची बाजू घेताय?"

"बाजू कुठं घेती? शिव्या देती की त्याला, तुमी यायच्या आधीच देऊन झाल्या. पर ऐकलं ते ऐकलं."

गाडी उताराला गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं, म्हणून कण्हतं. ते कण्हणं मध्येच थांबलं, म्हणजे गिअर तिथं सुटला; डिझेल वाचवणारा वरूनच न्यूट्रल करतो, ऐन वळणावर नाही. मग पोरगा खोटं का बोलतोय? मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला होता: ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक. गाडी त्यांनी सपाटीवर तपासली होती.

मी चालकाला एकट्याला बोलावलं. चहा मागवला.

"दुसऱ्या गिअरात होतास ना?"

"न्हाई साहेब. न्यूट्रल."

"बरं. तुझी भरतीची पडताळणी माझ्याच टेबलावर येणार. त्यात मला हा गुन्हा लिहावा लागेल, हे ठाऊक आहे?"

"दादा म्हनले, किरकोळ केस हाय. भरतीला काय हुत न्हाई."

"तुझा दादा भरती अधिकारी आहे काय रं?"

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूहळू बोलला. वडील गेले तेव्हा सगळं दादानं केलं. घर दादाच्याच रानाच्या कोपऱ्याला, आई त्याच्याच शेतात खुरपायला. "त्यांनीच न्यूट्रल म्हन म्हनून सांगितलं. त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं, साहेब?"

दादानं सांगलीकडच्या एका गॅरेजमध्ये गाडीची बॉडी उचलून घेतली होती, आरटीओची परवानगी न घेता. खाली चासी असते, वर बॉडी. दोन्हींच्या मध्ये ठोकळे घालून बॉडी तेवढी वर घेतात. गाडी रुबाबदार दिसते. पण घरी आल्यापासून कुरबुरी सुरू झाल्या. रेडिएटरचा पंखा घासायला लागला, तो नीट केला. एक वायर ताणून दिवे मंद झाले, ती बदलली. राहिला गिअर. पहिला आणि तिसरा बसायचा, दुसरा आणि चौथा सुटायचा.

"दोनदा सांगितलं मी दादांना. ते म्हनले, आता कुठं गाडी उघडाय लावतोस, धरून चालव. त्या दिवशी हॉर्न द्यायला हात उचलला, आन सुटला."

हे सगळं खरं वाटत होतं, पण आरोपीचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे. मी निरीक्षकांना पुन्हा बोलावलं, पंच घेतले, दादालाही बोलावलं. ठाण्याच्या आवारात थोडा उतार आहे. गाडी तिथं उभी केली. पहिला गिअर टाकून चार शिपायांनी मागून रेटा दिला, गाडी जागची हलेना. मग दुसरा टाकला, रेटलं. खट्ट करून दांडी पुढं उडाली आणि गाडी उतरायला लागली. शिपाई तिच्यामागं धावले.

निरीक्षकांनी दांडीभोवतीचं रबर काढलं. दांडी खालच्या गिअरबॉक्समधून येते, भोक वरच्या पत्र्याला. पत्रा वर गेला, दांडी जागेवरच राहिली. दुसरा टाकताना ती मागं येते आणि पत्र्याच्या कडेला अडते, म्हणून गिअर पुरता बसत नाही. कडेवर घासून चकाकी आलेली सगळ्यांना दिसली.

आमचे हवालदार मुळातच तिरकस. म्हणाले, "काय हो दादा, नवरी सजवली झकास, आन चालताना चप्पल निसटतीय की!"

दादाला गाडीचा अपमान सोसला नाही. तो पुढं आला. "निसटत न्हाई हवालदार! टाकायची रीत हाय त्याची. दांडी मांडीनं मागं दाबून धरायची, मग ऱ्हाती."

पंच माझ्याकडं बघत होते, पोरगा खाली. दादाला आपण काय बोललो ते थोडं उशिरा कळलं.

तपासाअंती मालकावर दोषारोपपत्र गेलं. पोरगा अगदीच निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. गाडी धड नाही हे ठाऊक असून त्यानं ती घाटात घातली. पण त्यानं सांगून पाहिलं होतं, आणि गप्प बसायला लावणारा दुसराच होता. त्याचं नाव आरोपीतून निघालं, तो साक्षीदार झाला. या सगळ्यात भरतीचं बोलावणं हुकलं. आईनं दादाच्या रानातलं घर सोडलं आणि ठाण्याच्याच गावात एक खोली घेतली. पोरगा मावशींची माफी मागायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला आधी टपरीचे पत्रे ठोकायला लावले, मग चहा दिला.

आयुष्यभर मी नकार फोडत आलो. आरोपी नाही म्हणतो, आपण त्याला हो म्हणायला लावतो, हाच आमचा धंदा. कबुलीसुद्धा फोडावी लागते, हे मला त्या पोरानं शिकवलं. धाकानं माणूस खोटं बोलतो हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. उपकारानंही बोलतो, आणि तेव्हा त्याचा चेहरा जास्त प्रामाणिक दिसतो. तेव्हापासून कुणी फार पटकन कबूल झालं, की मी विचारायचो, हा कुणाचं डिझेल वाचवतोय?

पोरगा पुढच्या भरतीत पुन्हा धावला, पुन्हा लागला. पडताळणी माझ्याच टेबलावर आली. मी स्वतः गेलो. नव्या खोलीच्या दारात मला बघून त्याची आई घाबरली, पण आत पळाली नाही. खुर्ची पुढं केली.

कागदावर मी लिहिलं, 'आक्षेपार्ह काही नाही', आणि सही केली. तो आज सैन्यात आहे.