घरमालकीणबाईंचं रूप

आमच्या घरमालकीणबाई काळ्या आहेत हे साऱ्या पिंपरी गावाला ठाऊक होतं. पण त्याचा गर्व होता तो एकट्या त्यांनाच. काळ्या म्हणजे सावळ्या, गव्हाळ, निमगोऱ्या असल्या सोयरिकीच्या शब्दांत बसवता येतील अशा नव्हेत. पिकल्या करवंदासारख्या काळ्या. वर केस इतके कुरळे आणि राठ, की आत गेलेली फणी बाहेर यायला तयार नसे. एवढ्या भांडवलावर ही बाई स्वतःला मावळातली सगळ्यात देखणी बाई समजत असे आणि तसं चारचौघांत बोलूनही दाखवत असे. वडिलांना औषधांच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून आलो आणि बाईंच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं, "ताई, माज्यावानी देखनी बाई तुमच्या साताऱ्यात हाय का वो?" आईला इतका धक्का बसला की ती घाईघाईने "नाही" म्हणाली. हे उत्तर बाईंना फार आवडलं.

पुढे धक्क्यांना खळ नव्हता. बायका केस विंचरतात त्या परसात, कुणाची नजर पडणार नाही अशा बेताने. आमच्या बाई न्हायल्या की ऐन रस्त्यावरच्या ओट्यावर केस मोकळे सोडून बसत. केस वाळत जात तसे फुगत जात, आणि नेमकी तेव्हाच कारखान्याची पाळी सुटून सायकलींची रांग तिथून जायची. एक कामगार बघता बघता सायकलसकट शेजारच्या वावरात गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बगू दे बिचाऱ्याला. त्याच्या घरी काय ठेवलंय बगायला?" स्वतःला न्याहाळायला त्यांना आरसाच लागे असं नाही, हंड्यातलं पाणी, दुकानाची काच, काहीही चाले. एकदा तर त्यांनी हात आडवा करून कारखान्याच्या साहेबाची मोटार थांबवली. बाईंची बरीच जमीन कारखान्यात गेली होती, तेव्हा साहेबाला वाटलं, आता ही भांडणार. बाईंनी मोटारीच्या काचेत बघून भांग सरळ केला आणि "जावा आता" म्हणून त्याला सोडून दिलं.

गावातली टवाळ पोरं "काळी आली, काळी आली" म्हणत, तर ह्या थांबून उत्तर देत. "व्हय रं. पीक काळीतच येतं. पांढरीत निस्ती घरं हुत्यात, आन घरात भांडनं." शेतकरी पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गाव वसतं त्या जागेला पांढरी, हे आम्ही बाईंकडूनच शिकलो. कॅम्पातल्या सिंधी फोटोवाल्याने एकदा त्यांचा फोटो काढला आणि रीतीप्रमाणे पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून दिला, केसही चापून बसवून दिले. बाईंनी फोटो उलटासुलटा केला. "ह्या बाईला मी वळखत न्हाई. माजी मला द्या." फोटोवाला म्हणाला, "बाई, सगळे हेच मागतात." बाई दुकानातून हलल्या नाहीत. शेवटी त्याने काळा फोटो काढून दिला, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते माझ्या लग्नाचं निघेपर्यंत. मीही काळी आणि माझेही केस तसेच, त्यामुळे आईच्या जिवाला घोर होता. पुण्याहून मंडळी बघायला यायची ठरली तशी तिने मला हळद आणि साय फासली, खोबरेल तेलाने केस चपटे केले आणि मागे गंगावन जोडलं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी सरळ, लांबसडक केसांची वेणी. मंडळी आली. बाई न बोलावता येऊन दाराशी बसल्या. मुलाच्या मावशीने मला पाठमोरी उभं केलं आणि म्हणाली, "रंगाने डावी आहे, पण केस छान आहेत हो."

"त्ये केस तिचे न्हाईत," बाई म्हणाल्या. "तिचे सोताचे लई भारी हायत. असे केस पिंपरीत दोघींचेच, एक ही आन एक मी. दाखव गं पोरी." मी हलायच्या आत त्यांनीच येऊन गाठ सोडली. वेणी त्यांच्या हातात गेली आणि माझे केस डोक्यावर उभे राहिले. मावशीचा पोह्यांचा घास हातातच राहिला. वडील आढ्याकडे बघू लागले. मंडळी "कळवतो" म्हणून गेली आणि त्यांनी काही कळवलं नाही.

"बाई, माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही. आता हे घरच सोडतो आम्ही," आई रडत म्हणाली.

आता धक्का बसायची पाळी बाईंची होती. त्यांना खरोखरच कळेना. चांगली वस्तू झाकून ठेवली होती, ती आपण दाखवली, एवढंच त्यांच्या हिशेबी घडलं होतं. त्या उठून घरी गेल्या. संध्याकाळी पुन्हा आल्या आणि चुलीपाशी माझ्याजवळ टेकल्या.

"माज्या आईनं बी लावलं हुतं मला गंगावन. सासरी पयल्यांदा डोईवरनं न्हायले, तवा त्ये सुटून हातात आलं. मालकांनी तेवढं एकदा बगितलं, आन पुना उभ्या जल्मात मान वर करून बगितलं न्हाई. पोरं झाली, पन बगितलं न्हाई." त्यांनी चुलीतलं लाकूड उगीचच पुढे सारलं. "कुनी तरी बगायला पायजे हुतं ना? मग मीच बगाय लागले. पयल्यांदा लई राग यायचा. मग सवं झाली. मग आवडाय लागलं."

आई दारात उभी राहून ऐकत होती. घर सोडायची भाषा तिने पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी शिकेकाई उकळली आणि न्हायल्यावर मला ओट्यावर, बाईंच्या शेजारी वाळत बसू दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा केसांत स्वतःहून हात घातला, आणि ते मला बरे वाटले.

माझं लग्न पुढे झालं, माझ्याच केसांनी झालं. अक्षता पडल्याबरोबर बाई गर्दीतून वाट काढत थेट बोहल्यापाशी आल्या. "जावईबापू, मान वर करा. बगा हिच्याकडं. नीट बगा." बिचारा घाबरून बघत राहिला. भटजी थांबले, सगळा मांडव थांबला. बाईंचं समाधान झालं तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पंगतीत जाऊन बसल्या.

माझा नवरा अजून बघतो, म्हातारपणीसुद्धा. बाई जाऊन खूप वर्षं झाली. पण त्यांच्या नवऱ्याला असं दटावून सांगणारं त्या वेळी कुणी नव्हतं, हे मनात आलं की जीव तीळतीळ तुटतो.